वेसनॉथमध्ये मराठा फौज: प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२५

‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा २००३ साली डेव्हिड व्हाइट यांनी सुरू केलेला, फुकट आणि मुक्त-स्रोत असलेला पाळीपाळीचा लढाईचा खेळ. त्यात स्वतःचं सैन्य घालण्याची पूर्ण मुभा आहे. प्रत्येक शिपाई म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल असते. किंमत, जीव, चाल, हत्यार, बढती सगळं तिथं लिहायचं. या फाइलींमधून सतराव्या शतकातली मराठा फौज उभी करायची, असं हे काम आहे. खेळाची १.१८ ही आवृत्ती धरली आहे.

नुसती पागोटी चढवून तयार शिपायांना मराठी नावं द्यायची नाहीत. फौज जशी लढत होती तशीच पटावर लढली पाहिजे, आणि तरीही खेळातल्या इतर सैन्यांना तिच्याशी लढताना न्याय मिळाला पाहिजे. भरतीची यादी सहांची ठेवायची: मावळा, हेटकरी (बंदूकवाला), बारगीर (सरकारी घोड्यावरचा स्वार), शिलेदार (स्वतःच्या घोड्यावरचा स्वार), गोफणकरी आणि पखालजी (पखालीतून पाणी पुरवणारा).

पखालजी हे नाव पाहून दादानं (नाशिकचा आतेभाऊ, चाचणीला तोच समोर बसणार आहे) भुवया उंचावल्या. पण शिवकालीन घोडदळात दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. पाणी आणि नाल नसेल तर घोडदळ दोन मुक्कामांत बसतं. खेळात शेजारच्या शिपायांना दर पाळीला ४ जीव परत देणारा एक गुण आहे, तो पखालजीला दिला. जादूचा वैद्य आणण्यापेक्षा हे मला कितीतरी पटतं.

९ ऑगस्ट

आज दिवस-रात्रीचा प्रश्न. सगळ्या प्रकल्पाचा कणा हाच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

वेसनॉथचं घड्याळ सहा पाळ्यांचं आहे: पहाट, सकाळ, दुपार, सांज, रात्रीचा पहिला प्रहर, दुसरा प्रहर. काही शिपाई ‘लॉफुल’, म्हणजे दिवसाचे; त्यांचा मार सकाळी-दुपारी २५ टक्क्यांनी वाढतो आणि रात्री तेवढाच घटतो. ‘केऑटिक’ शिपाई रात्रीचे, त्यांचं उलट. ‘न्यूट्रल’ शिपायांना घड्याळाशी देणंघेणं नाही. या खुणेचा चांगल्या-वाईटाशी काही संबंध नाही, ती फक्त वेळ सांगते.

मराठा फौज दिवसाची की रात्रीची? पहिल्या झटक्यात कोणीही रात्रीची म्हणेल. लाल महालातला छापा १६६३ च्या एप्रिलमधला, रात्रीचा. कोंढाणा फेब्रुवारी १६७० मध्ये रात्री कडा चढून घेतला. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदानं साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला, तोही रात्रीच. पण १६७२ ची साल्हेरची लढाई? प्रतापराव गुजर आणि मोरोपंत पिंगळे यांनी मोगलांशी उघड्या मैदानात झुंज दिली आणि जिंकली. ते घोडदळाचं काम होतं. घोडदळाला उजेड लागतो, मोकळं मैदान लागतं; रात्री खडकाळ उतारावर घोडा पिटाळणं म्हणजे त्याचे पाय मोडून घेणं.

म्हणून फौज दुभागली. मावळा आणि गोफणकरी रात्रीचे, बारगीर आणि शिलेदार दिवसाचे, हेटकरी आणि पखालजी न्यूट्रल. याचा परिणाम असा की या फौजेला पूर्ण वाईट वेळ कधीच येत नाही आणि पूर्ण चांगली वेळही येत नाही. दर सहा पाळ्यांत दोनदा, पहाटे आणि सांजेला, एका अर्ध्या फौजेनं मागं यायचं आणि दुसरीनं पुढं जायचं. ही अदलाबदल ज्याला जमली त्याचीच ही फौज. माझ्या मते सैन्य उभारण्याचा खरा अर्थ इथं आहे: यादीत कोण आहे यापेक्षा कोणत्या वेळी कोण पुढं आहे.

१५ ऑगस्ट

मावळा लिहिला. पहिली पातळी, किंमत १४ मोहरा, ३४ जीव, ५ चाल, तलवार ६-३ (म्हणजे प्रत्येकी ६ चे तीन वार). इथपर्यंत तो साधा पायदळी आहे. त्याचं वेगळेपण जमिनीत घातलं. साध्या माणसाला टेकडी चढायला दोन चाली लागतात आणि तिथं बचाव ५० टक्के मिळतो. मावळ्याला टेकडी एका चालीत आणि बचाव ६० टक्के. फाइलीत हे लिहिताना आकडा उलटा भरावा लागतो: तिथं वार लागण्याची शक्यता लिहितात, त्यामुळे ६० टक्के बचावासाठी ४० लिहायचं. नव्यानं फाइल लिहिणाऱ्यानं हे आधीच डोक्यात ठेवावं.

मग ऑर्क ग्रंटशी (नॉर्दनर्स या राक्षसी सैन्यातला पायदळी) हिशेब मांडला. ग्रंट १२ मोहरांचा, ३८ जीव, तलवारीचा मार ९-२, तोही रात्रीचाच. रात्री सपाटीवर समोरासमोर: मावळ्याचे ६ चे साडेसात होतात, खेळ मूळ आकड्याकडे पूर्णांक करतो म्हणून ७. तीन वार, साठ टक्के लागणार, सरासरी १२.६. ग्रंटचे ९ चे ११ होतात, दोन वार, सरासरी १३.२. म्हणजे दोन मोहरा जास्त मोजूनही मावळा सपाटीवर कमी पडतो. तोच मावळा टेकडीवर उभा राहिला की त्याला लागणारा मार ८.८ वर येतो आणि त्याचा स्वतःचा १२.६ तसाच राहतो.

हे आकडे मला अगदी हवे तसे आहेत. मावळा मैदानात महाग आणि डोंगरात स्वस्त असलाच पाहिजे.

१७ ऑगस्ट

बढतीची शिडी. पायदळात नऊ पाईकांवर एक नाईक आणि पाच नाईकांवर हवालदार, घोडदळात पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. खेळात सहसा तीनच पातळ्या, म्हणून मावळा–नाईक–हवालदार आणि बारगीर–हवालदार–जुमलेदार एवढंच घेतलं. दोन्हीकडे हवालदार आहे, तो ठेवला. एक पायी, एक घोड्यावर.

नाईकाला ‘लीडरशिप’ दिली. शेजारच्या खालच्या पातळीच्या शिपायाचा मार, जेवढ्या पातळ्यांचं अंतर तेवढ्या पंचविशीनं वाढतो. दुसऱ्या पातळीचा नाईक शेजारच्या मावळ्याला २५ आणि शून्य पातळीच्या गोफणकऱ्याला ५० टक्के देतो. मावळ्याला नाईक व्हायला ४० अनुभव ठेवला. बहुखेळाडू सामन्यात नेहमीच्या ७० टक्के दरानं तो २८ वर येतो. पहिल्या पातळीचा शत्रू मारला की ८ मिळतात, नुसतं लढलं की १. म्हणजे तीन बळी आणि चार झटापटी. एका सामन्यात एखादाच मावळा नाईक होईल, आणि तो झाला की त्याला जपणं हेच मोठं काम होऊन बसेल.

२४ ऑगस्ट

गनिमी काव्याची नोंद. सगळ्यात जास्त वेळ याच कामाला दिला.

वेसनॉथमध्ये हल्ला केला की शिपायाची त्या पाळीची चाल संपते. मारायचं आणि तिथंच उभं राहायचं. म्हणजे मराठा घोडदळाची मूळ सवयच इथं निषिद्ध. पण हत्याराच्या व्याख्येत ‘मूव्हमेंट युज्ड’ म्हणून एक किल्ली आहे: हल्ल्याला किती चाल खर्ची पडते ते ती ठरवते. न लिहिल्यास ती एवढी प्रचंड धरली जाते की काहीच उरत नाही. ती कमी केली की घोडा मारून पुढंमागं हलू शकतो.

मात्र एवढ्यानं भागत नाही. प्रत्येक शिपायाभोवतीच्या सहा षट्कोनांवर त्याचा धाक असतो (शून्य पातळीचे सोडून). शत्रूच्या धाकात पाऊल टाकलं की उरलेली चाल शून्य होते. त्यामुळे शेजारी पोचतानाच घोडा अडकतो आणि हल्ल्याला कितीही कमी चाल लागली तरी उपयोग नाही. बारगिराला ‘स्कर्मिशर’ हा गुणही द्यावा लागतो, मग धाक त्याला लागू पडत नाही. दोन्ही एकत्र आले तेव्हा घोडा खरोखर आत घुसला, भाला मारला आणि बाहेर आला. पडद्यावर ते पाहताना अंगावर काटा आला.

आता किंमत. बारगिराला ८ चाल आहे. हल्ल्याला १ चाल ठेवून पाहिली तेव्हा समोरच्याला त्याच्या पाळीत उलट हल्ल्याची संधीच राहिली नाही. दादा म्हणाला, “अरे, मी इथं नुसता मार खायला बसलोय का?” त्याचं म्हणणं रास्त आहे. ४ ठेवली की हिशेब बसतो: जाण्या-येण्याला मिळून चारच चाली उरतात. दोन घरं आत, दोन घरं बाहेर. किंवा तीन आत आणि एक बाहेर. दोन घरं मागं सरलेला घोडा शत्रूच्या पायदळाच्या आवाक्यातच राहतो, पण आपल्या मावळ्यांची रांग दोन घरांवर असेल तर तिच्या मागं जाऊन उभा राहतो. म्हणजे काव्यासाठी आधी पाठीशी भक्कम आसरा हवा. प्रत्यक्षातही तो गडाचा होताच.

भाला ५-३, १९ मोहरा. दिवसा ६-३.

३० ऑगस्ट

चित्रं. प्रत्येक चौकट ७२ बाय ७२ पिक्सेल. बाजूचा रंग दाखवायचा असेल तिथं किरमिजी छटा वापरायच्या, खेळ त्यांना लाल-निळं-हिरवं करतो. किरमिजी रंग कमरेच्या शेल्याला दिला. पागोट्याला दिला असता तर उंचावरून सगळे एकसारखे ठिपके दिसले असते. हेटकऱ्याची बंदूक एवढ्या चौकटीत काठीसारखी दिसते, जामगीचा (पेटत्या वातीचा) लाल ठिपका दिल्यावर ओळखू येते.

६ सप्टेंबर

अनडेड, म्हणजे मेलेल्यांचं सैन्य. कुठल्याही नव्या फौजेची भोकं हेच दाखवतात.

चांगली बाजू आधी. त्यांचा डार्क अडेप्ट हा जादूगार १६ मोहरांचा, २८ जीव, जादू जबर, पण जवळच्या लढाईत हत्यारच नाही. दिवसा बारगिराचा सरासरी मार सपाटीवर १०.८. तीन बारगीर लागोपाठ आले, मारले, परतले. अडेप्ट बहुतेक वेळा संपतो आणि एकाही घोड्याला ओरखडा नाही. दादानं पुढच्या डावापासून अडेप्टांभोवती सांगाडे उभे करायला सुरुवात केली, आणि तेच योग्य उत्तर आहे.

सांगाड्यांपुढं मात्र फौज थबकते. स्केलेटन कापणाऱ्या माराचे ४० टक्के आणि भोसकणाऱ्याचे ६० टक्के गिळतो. हेटकऱ्याची बंदूक १८ ची, एकच बार; सांगाड्याला लागते ७. भाला तर गुदगुल्या केल्यासारखा. त्याला ठेचणारा मार हवा, तो उलट २० टक्के जास्त लागतो.

म्हणून गोफणकरी. शून्य पातळी, ९ मोहरा, २० जीव, गोफण ५-२, ठेचणारी. पिकावरची पाखरं हाकणारा हा माणूस सुगी संपली की मोहिमेला येतो; दसऱ्याला सीमोल्लंघन आणि पावसाळ्याआधी घरी, असं त्या काळच्या फौजांचं वेळापत्रक होतंच. रात्री गोफणीचा दगड सांगाड्याला ७ लागतो. शेजारी नाईक असला तर रात्रीचे २५ आणि नाईकाचे ५० मिळून ७५ टक्के, त्यावर सांगाड्याचा कच्चेपणा: ५ चे १०. नऊ मोहरांच्या शेतकऱ्याचे दहाचे दोन दगड! शिवाय स्केलेटनकडे लांबून मारायचं हत्यार नाही, त्यामुळे उलटा वार येत नाही. शून्य पातळीला पोटगीही (दर पाळीचा खर्च) लागत नाही. तोटा एवढाच की त्याचा धाक कोणालाच नाही, शत्रू त्याच्या शेजारून सरळ निघून जातो. रांगेत दोन मावळ्यांच्या मधे त्याला ठेवावं, टोकाला कधीच नाही.

१३ सप्टेंबर

शिलेदार. बारगिराला घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा घोडा आणि हत्यार त्याचं स्वतःचं. हा भेद फक्त नावात राहू नये असं वाटत होतं. मार्ग सापडला पोटगीत. खेळात प्रत्येक शिपाई आपल्या पातळीएवढी पोटगी खातो, आणि ताब्यातलं प्रत्येक गाव एका पातळीची पोटगी फुकट सांभाळतं. शिलेदार भरती होताच त्याची पोटगी २ करणारी एक छोटी घटना लिहिली. किंमत १५, बारगिरापेक्षा चार मोहरा कमी. मार ७-३, म्हणजे जास्त. पण मारून परतण्याची शिस्तीची चाल त्याला नाही.

चार पाळ्यांत फरक फिटतो असं वाटेल, पण गावं मधे येतात. आठ गावं असतील तर आठ पातळ्या फुकट. सहा पातळ्यांची फौज असताना पहिला शिलेदार काहीच जादा खात नाही. दुसरा आला की दर पाळीला दोन मोहरा जायला लागतात. म्हणून शिलेदार घ्यायचा तो निर्णायक दिवसाच्या तोंडावर, पहाटे पोचेल अशा बेतानं. रात्रीच्या सुरुवातीला शिलेदार घेणं म्हणजे त्याला दोन प्रहर बसवून जेवू घालणं.

दादाला हा शिपाई सगळ्यात आवडला. मला बारगीर.

१४ सप्टेंबर

ड्रेक (ड्रॅगनसारख्या प्राण्यांचं सैन्य): सोपे. उडतात, पण सपाटीवर बचाव फक्त ३० टक्के आणि भोसकणारा मार २० टक्के जास्त लागतो. हेटकऱ्याचा एक बार २२. ते दिवसाचे, म्हणून रात्र आपलीच.

लॉयलिस्ट (माणसांचं सैन्य): त्यांच्या भालाईतावर घोडा घालू नये. त्याचा भाला ७-३, पहिला वार नेहमी त्याचाच, घोड्याला भोसकणारा मार जास्त लागतो. दिवसा ७ चे १० होतात. बारगिरानं त्याला वळसा घालून मागचा धनुर्धारी किंवा ‘मेज’ (जादूगार) शोधावा.

२१ सप्टेंबर

पूर्ण सामना, दादाच्या नॉर्दनर्सविरुद्ध. नकाशा मीच काढलेला: मधून तिरपी घाटाची रांग, दोन खिंडी, एकीकडे दाट रान, दोन्ही बाजूंना आठ-आठ गावं. सुरुवातीला १०० मोहरा. तीन मावळे ४२, हेटकरी १७, बारगीर १९, गोफणकरी ९, पखालजी १३: बरोबर शंभर.

ऑर्कही रात्रीचे असल्यामुळे हा सामना मोलाचा. पहिल्या दिवसात गावं घेतली, मावळे घाटाच्या माथ्यावर नेऊन बसवले, आणि सांज होताच बारगीर रांगेमागं घेतला. रात्रीचे दोन प्रहर दादानं ग्रंट आणि ट्रोल व्हेल्प वर चढवले. मी एकही पाऊल पुढं टाकलं नाही. मावळ्याचा रात्रीचा जोर हल्ल्याइतकाच प्रत्युत्तरालाही लागतो. टेकडीवर बसून मार खात-देत राहिलो तरी हिशेब माझ्या बाजूनं झुकत होता. पखालजी मधल्या मावळ्यामागं. एक मावळा पडला, दोन ग्रंट पडले, गोफणकऱ्यानं एकाला शेवटचा दगड मारून संपवलं.

पहाट झाली तेव्हा दादासमोर खरा पेच होता. उतारावर अडकलेली त्याची माणसं दिवसा कमजोर, ग्रंटचा मार ९ चा ७. मागं फिरावं तर घोडे पाठीवर. त्याच पहाटे दोन शिलेदार येऊन पोचले होते. सकाळी बारगीर आणि शिलेदार खिंडीतून उतरले आणि मावळे जिथल्या तिथं थांबले. ही थांबण्याची पाळी सगळ्यात अवघड जाते. जिंकणारी रांग सोडून खाली धावावंसं वाटतंच. पण दिवसा मावळ्याचा मार घटलेला असतो आणि सपाटीवर त्याचा डोंगरही सुटतो.

एक गोष्ट ट्रोल व्हेल्पनं दाखवली. तो दर पाळीला ८ जीव आपोआप भरून काढतो. बारगिराचा दिवसाचा मार त्याच्यावर ५-३, सरासरी साडेदहा. टोचून पळायचं म्हटलं तर निव्वळ अडीच जीव गेले. काव्याचं घोडदळ ट्रोलपुढं व्यर्थ आहे. त्याला दोन शिलेदार आणि हेटकरी मिळून एकाच पाळीत पाडावं लागतं. हे मी बदलणार नाही. प्रत्येक फौजेला एक तरी शत्रू असा हवा की ज्याच्यासमोर तिला आपली लाडकी खोड सोडावी लागेल.

दुपारपर्यंत दोन्ही खिंडी माझ्या, सांजेला घोडे पुन्हा मागं आणि मावळे पुढच्या टेकड्यांवर. दुसऱ्या रात्री दादाचा सरदार त्याच्या गडावरच कोंडला गेला. तो म्हणाला, “तुझी फौज झोपतच नाही रे.”

२८ सप्टेंबर

संगणकाच्या हाती ही फौज देऊन पाहिली. खेळाचा एआय मूळच्या मांडणीत सावधपणा कमी ठेवून येतो (आक्रमकता ०.४, सावधपणा ०.२५) आणि पाळीची अदलाबदल त्याला कळत नाही. मावळे भरदुपारी मैदानात उतरवतो, बारगीर मारून तिथंच सोडतो. एआयविरुद्धच्या निकालांवरून किमती ठरवायच्या नाहीत. त्या फक्त माणसांच्या सामन्यांवरून ठरवायच्या. एकट्यानं खेळणाऱ्यांसाठी मात्र सावधपणा वाढवलेली वेगळी मांडणी सोबत देईन.

५ ऑक्टोबर

पहिली आवृत्ती खेळाच्या अ‍ॅड-ऑन सर्व्हरवर चढवली, जीपीएल परवान्याखाली, म्हणजे कोणीही फाइली उघडून बदलू शकेल. शिपायांच्या वर्णनांचा मराठी मजकूर पूर्ण आहे.

उरलेलं काम: नाईकाच्या बढतीला दुसरी फांदी, रानात दिसेनासा होणारा ‘अ‍ॅम्बुश’ गुण असलेली. १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज दाट रानात अडवली गेली, तिची आठवण या फांदीत हवी. अडचण अशी की लीडरशिप आणि अ‍ॅम्बुश एकाच शिपायात आले तर तो फार भारी होतो. फांदी निवडतानाच एक सोडून दुसरं घ्यावं लागेल असं करतो. दादानं पुढच्या रविवारी एल्फ घेऊन बसायचं कबूल केलंय. रानात त्यांचा बचाव पक्का, तिथं ही फांदी कसाला लागेल.